अन्नावरची वासना

'अन्नावरची वासना उडाली' हे वाक्य आमच्या लहानपणी मोठी माणसे आवाज उतरवून बोलत. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असावे, वैद्याच्या मात्रा चालू असाव्यात, ताप उतरला म्हणावे तर उतरलाही असावा. पण पुढे केलेल्या दुधाच्या पेल्याकडे त्या माणसाने मान फिरवली, की ओसरीवर हे वाक्य उमटे आणि पाठोपाठ सगळे गप्प होत. त्याचा अर्थ आम्हा मुलांनाही कळे. संध्याकाळी त्याच ओसरीवर पोथी सोडली जाई आणि वासना जळो, वासनेच्या फेऱ्यातून जीव सुटो, असे वाचणारा गहिवरून सांगे. तेव्हा मात्र कोणी गप्प होत नसे. ऐकणारे माना डोलवीत. एकच शब्द स्वयंपाकघरात अशुभ आणि पोथीत मंगल कसा, हे कोडे मला तेव्हा पडले नाही. ते पडायला बासष्ट वर्षे आणि आठवड्याला एक सुई लागली.

मधुमेह मला चौदा वर्षांपासून आहे. त्याचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपल्या देशातील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींच्या वर निघाली. तेव्हा ही पंगत फार मोठी आहे आणि मी तिच्यातले एक पान. मधुमेहाच्या जोडीला वजन आले, वजनाच्या जोडीला गुडघे आले. २०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपटाइड हे औषध 'मौंजारो' या नावाने आपल्याकडे मिळू लागले आणि त्याच उन्हाळ्यात माझ्या डॉक्टरांनी ते मला सुरू केले. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, पोटाच्या कातडीखाली एक बारीकशी सुई टोचून घ्यायची. पहिला महिना अडीच मिलिग्रॅम, पुढे पाच.

हे औषध करते काय, ते सांगणे सोपे आहे. आपण जेवलो म्हणजे आतड्यातून काही संप्रेरके रक्तात सुटतात. ती निरोप्यांसारखी धावतात. स्वादुपिंडाला सांगतात, साखर येते आहे, तयार राहा. जठराला सांगतात, घाई करू नको. आणि मेंदूला सांगतात, आता पुरे. हे खरे निरोपे फार अल्पायुषी, काही मिनिटांत विरून जाणारे. औषध त्यांच्यापैकी दोघांचे सोंग घेते आणि आठवडाभर दारात ठाण मांडून बसते. घास तोंडात जाण्यापूर्वीच मेंदूला 'पुरे' ऐकू येऊ लागते. या जातीचे पहिले औषध २००५ साली निघाले, आणि त्याचे मूळ सापडले होते अमेरिकेच्या वाळवंटात राहणाऱ्या गिला मॉन्स्टर नावाच्या सरड्याच्या विषात. १९९२ साली जॉन एंग या संशोधकाने ते उजेडात आणले. हा सरडा वर्षातून मोजक्याच वेळा जेवतो. आपल्या पुराणांत वायुभक्षण करून राहिलेले ऋषी पुष्कळ आहेत. पण त्यांच्यापैकी एकाचेही तप कुपीत भरता आले नाही आणि या सरड्याचे आले, याची मला मौज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी काहीतरी थांबल्याचे माझ्या ध्यानात आले. आमच्या गावी पिठाची गिरणी होती. तिचे इंजिन दिवसभर पुकपुकत असे आणि तो आवाज म्हणून आम्हाला कधी ऐकूच येत नसे. ते बंद पडले म्हणजे मात्र सारा गाव मान वर करून पाही. तसे झाले. सकाळी अकराला 'डब्यात काय आहे', चारला 'चहाबरोबर काय आहे', रात्री दहाला 'फडताळात शेंगदाण्याचे लाडू आहेत, दोन उरलेत, मागच्या डब्यात' अशी एक भुणभुण माझ्या डोक्यात जन्मभर चालू होती. ती बंद झाली. लाडू फडताळातच होते. त्यांचा डबा, त्यांची संख्या, सगळे मला ठाऊक होते. पण ते शेजारच्या घरी असावेत इतके दूर गेले होते. मला लाडू हवा, असे जी इतकी वर्षे म्हणत होती, ती कोण होती? एक रेणू रक्तात फिरला आणि ती उठून गेली. मी मात्र जागच्या जागी आहे. असे प्रश्न पूर्वी फक्त वेदान्तावरच्या व्याख्यानांत ऐकू येत. आता ते औषधाच्या दुकानात सुटे मिळतात.

ही शांतता सुखाची होती, हे आधी सांगितले पाहिजे. शरीराने कुरकुर केली. मळमळले, करपट ढेकर आले, तुपातली पुरणपोळी चार घासांनंतर दगडासारखी बसून राहिली. आणि बद्धकोष्ठाविषयी दिवाळी अंकात लिहू नये. पण मनाला विसावा मिळाला. रक्तातली साखर खाली आली, आठ महिन्यांत अकरा किलो वजन उतरले, जिना चढताना कठडा धरावा लागेनासा झाला.

मग माणसे बोलू लागली. आमचे एक मामेसासरे आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, अंगाने शेवग्याची शेंग, जन्मभर दीड पोळी आणि मूठभर भात खाऊन उठत आलेले. उठताना ते पानावर अजून बसलेल्या इतरांकडे एकवार पाहतात. ते पाहणे माझ्या फार जुन्या परिचयाचे आहे. सुईची वार्ता कानी गेल्यावर ते मला म्हणाले, "सूनबाई, जिभेला लगाम घालायला देवाने माणसाला मन दिले आहे. त्याला सुई कशाला लागते?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु मामांचा लगाम मी जवळून पाहिला आहे. त्या लगामाला घोडाच नाही! दीड पोळीत त्यांचे पोट खरोखरच भरते. तिसऱ्या पोळीकडे त्यांचा हात जात नाही, तो त्यांनी आवरला म्हणून नव्हे. तो निघालेलाच नसतो. त्यांना निसर्गाने जन्मतः जे फुकट दिले, तेच मी आता दर आठवड्याला विकत घेते. त्यांच्याकडे असले की त्याला संयम म्हणावयाचे आणि माझ्याकडे आले की पळवाट, हा हिशोब मला जमत नाही. पुण्य लिहायचे तर दोघांचेही लिहावे, खोडायचे तर दोघांचेही खोडावे.

भूक आणि शील यांची गाठ आपण फार घट्ट मारून ठेवली आहे. खादाड, अधाशी, हावरट, बकासुर. जाड माणसासाठी मराठीत जे शब्द आहेत ते सगळे त्याच्या पोटावर नव्हे, चारित्र्यावर बोट ठेवतात. ही गाठ किती खोटी आहे, हे दाखविणारा एक प्रयोग अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ साली केला. महायुद्ध चालू होते, युरोपात माणसे उपासमारीने मरत होती, आणि उपाशी शरीराला पुन्हा अन्नावर कसे आणावे हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. त्यासाठी छत्तीस तरुण आपण होऊन पुढे आले. हे सारे सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्याचे नाकारलेले लोक. म्हणजे मनाच्या बळात कोणाला हार न जाणारे. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. ही तत्त्वनिष्ठ मुले रात्रंदिवस अन्नाचा विचार करू लागली. पाककृतींची पुस्तके कादंबऱ्यांसारखी वाचू लागली. जेवण झाले की ताट चाटू लागली. युद्धाला नाही म्हणणाऱ्या मनाला भुकेला गप्प करता आले नाही. त्यांच्या शीलात उणे काहीच नव्हते. त्यांच्या डोक्यात गिरणी सुरू झाली होती, इतकेच. काहींची गिरणी उपाशी ठेवल्यावर सुरू होते, काहींची पोट भरलेले असतानाही चालू असते.

मामांना असे उत्तर देऊन मी सुटले, असे मात्र नाही. माझे पुण्य खोडले हे मला मान्य. मग मागे काय उरले? मी तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला एक श्लोक मुलांना समजावून देताना मला नेहमी आनंद होई. आहार सोडणाऱ्यापासून विषय दूर जातात, परंतु त्यांची गोडी, त्यांचा रस मागे राहतो. तो रस जातो तो परतत्त्वाचे दर्शन झाल्यावरच, असा त्याचा आशय. माझी गत नेमकी उलटी झाली. आहार सुटला नाही, परतत्त्व दिसले नाही, आणि रस तेवढा निघून गेला. व्यासांनी या शक्यतेचा विचार केलेला दिसत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. आपली सगळी व्रते भूक गृहीत धरून बसविलेली आहेत. जैनांचे ऊणोदरी तप घ्या. भुकेपेक्षा चार घास कमी खावयाचे. पण भूकच चार घासांची असेल तर? वाग्भटाने सांगितले की पोटाचे दोन भाग अन्नाने भरावेत, एक पातळ पदार्थांनी, आणि चौथा वाऱ्यासाठी मोकळा ठेवावा. माझा चौथा भाग न सांगता मोकळा राहतो आणि तिसराही. आषाढी एकादशीला मी रीतीप्रमाणे उपवास धरला आणि दिवस मावळला तरी तो मला लागला नाही. 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणून आपण ज्यांना हसतो त्यांचा उपवास माझ्यापेक्षा खरा, कारण त्यांना निदान साबुदाण्याच्या खिचडीची ओढ तरी असते. माझा उपवास विठोबाच्या वहीत जमा झाला असेल, असे मला वाटत नाही.

गांधीजींच्या एकादश व्रतांत 'अस्वाद' नावाचे एक व्रत आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमातील मंडळींना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी त्याचा अर्थ सांगितला. औषध आपण चवीचा विचार न करता, ठरल्या मात्रेत घेतो. तसे अन्न घ्यावे. हे वाचताना तरुणपणी मला धाक वाटे. आता मी तंतोतंत तशीच जेवते. घड्याळ पाहून, वाटी मोजून, कसली ओढ नसताना. औषधाने माझे अन्नच औषध करून टाकले आहे. आणि अनुभवाने सांगते, हे व्रत ज्याला स्वाद आहे त्याच्यासाठीच आहे. माझ्या बाबतीत ते व्रत नव्हे, नुसते वर्णन झाले.

स्वयंपाकघरात प्रश्न इतके उंच नसतात. तिथे पहिला प्रश्न उभा राहिला तो उरल्यासुरल्याचा. घरची बाई शेवटी जेवते, आणि शेवटी जेवणे म्हणजे काय, हे पुरुषांना शब्दांनी सांगून कळणार नाही. नातवाने टाकलेली अर्धी पोळी, आमटीच्या तळाशी राहिलेले दोन डाव, सकाळचा मूठभर भात, 'एवढ्याशा भाजीला वाटी कशाला अडवायची' म्हणून संपविलेली भाजी. अन्न टाकणे म्हणजे पाप, हा नियम पाळायचा सगळ्या घराने. तो निभावून नेण्याचे पात्र मात्र एकच, बाईचे पोट. माझ्या वजनातला बराच भाग इतरांच्या ताटांतून आला असला पाहिजे. आता ते पात्र लहान झाले. पहिल्या महिन्यात रोज रात्री ओट्यावर चार वाट्या उभ्या राहत आणि मी त्यांच्यापुढे उभी राही.

या पापाचा हिशोब मी एकदा शांतपणे मांडून पाहिला. भात जास्त झाला तो शिजला तेव्हाच. तो नको असताना माझ्या पोटात गेला, म्हणून कोणाच्या भुकेला लागला असे होत नाही. नको असलेले अन्न पोटात टाकणे हेही टाकणेच. फक्त ते दिसत नाही, आणि त्याचे भाडे गुडघे भरतात. जुन्या माणसांना यातले काही उमगले होते, असे मला वाटते. आमचे आजोबा पहिल्या घासाआधी ताटाबाहेर चित्राहुती घालीत. आजी गाईचा आणि कावळ्याचा घास आधी बाजूला काढी. जेवणाआधी काढले तर ते दान आणि जेवणानंतर राहिले तर ते उष्टे. भात तोच, शितेही तीच. फरक फक्त वेळेचा. हल्ली मी पानावर बसण्यापूर्वी माझ्या ताटातले निम्मे काढून ठेवते आणि कणीकही कमी भिजवते. हे ऐकायला सोपे आहे. पण ज्या हाताला चाळीस वर्षे सहा माणसांच्या कणकेचे माप न बघता कळत होते, तो हात आता परातीवर घुटमळतो. कारण ते माप हातात नव्हतेच. ते माझ्या भुकेत होते. मला किती लागेल यावरून घराला किती लागेल हे मी ठरवीत असे. भूक नसलेल्या बाईने स्वयंपाक करणे म्हणजे बहिऱ्याने तंबोरा लावणे आहे. मीठ मी आता चमच्याने मोजून घालते, आणि आमटी चाखायला दुसऱ्या कोणाला तरी हाक मारते.

ती हाक बहुधा आईला असते. आई आता पंच्याऐंशी वर्षांची आहे आणि माझ्याजवळच राहते.

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. वडील प्राथमिक शिक्षक, म्हणून घरात पगार येई आणि आम्हाला खडी फोडायला जावे लागले नाही. पण पगार असून बाजारात जोंधळा नव्हता. रेशनवर अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशात अडके. दुष्काळी कामावरच्या माणसांना सुकडी वाटली जाई, तेव्हा आम्ही मास्तरांची मुले जरा लांब, हात मागे बांधून बघत उभी राहत असू. आम्ही पाच भावंडे. आई आम्हाला आणि वडिलांना वाढी आणि मग दुरडीत वाकून पाही. दुरडीत जेवढे असेल तेवढीच तिची भूक असे. एक भाकरी असली तर भाकरीची, चतकोर असला तर चतकोराची. दुरडी रिकामी असली म्हणजे ती पदराला हात पुसत म्हणे, "मला आज भूकच नाही."

आम्ही ते खरे धरीत असू. मुलांना ते खरेच वाटते.

आता तेच वाक्य मी रोज म्हणते, तिच्याच समोर, आणि माझ्या तोंडी ते अक्षरशः खरे आहे. आईचा त्यावर विश्वास बसत नाही. कसा बसावा? तिच्या आयुष्यात हे वाक्य नेहमी खोटेच होते, आणि ते कशासाठी बोलायचे असते हे तिच्याइतके कोणाला ठाऊक? औषधाचे मी तिला तीन वेळा समजावून सांगितले. ती मान हलविते. पण मी "भूक नाही" म्हटले की ती माझ्याकडे बघतच नाही. आधी पातेल्याकडे बघते. घरात काही कमी पडले आहे का, ते पाहते.

मामा ज्याच्याविषयी विचारीत होते तो लगाम मी पाहिला आहे, तो हा. भूक होती, ओढ होती, भाकरी हाताशी होती, आणि ती दुसऱ्याच्या ताटात गेली. गिरणी आत धडधडत होती आणि तिचा आवाज तिने पाच मुलांच्या कानांवर जाऊ दिला नाही. गीतेतला तो रस आईने जिंकला वगैरे काही नव्हता. तो होता, म्हणूनच त्या घासाला मोल होते. माझ्या 'भूक नाही'चे मोल कागदावर छापलेले असते. औषध आपल्याकडे आले तेव्हा पाच मिलिग्रॅमच्या एका कुपीला ४,३७५ रुपये पडत, आणि महिन्याला चार कुप्या.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी एकदा फ्रीजमधली कुपी पाहून विचारले, ही कशाची म्हणून. भूक कमी करण्याचे औषध आहे, असे म्हटल्यावर त्या हसल्या. "ताई, भूक मारायला आम्ही चहा पितो की!" बोलण्यात टोमणा नव्हता, त्या मला स्वस्तातला उपाय सुचवीत होत्या. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील शंभर स्त्रियांमागे चोवीस गरजेपेक्षा जाड निघाल्या आणि जवळजवळ एकोणीस गरजेपेक्षा कृश. आमच्या घरात हे दोन आकडे रोज सकाळी साडेनऊला एकाच ओट्यापाशी उभे असतात. मी औषध सोडले म्हणून त्यांच्या चुलीवर एक भाकरी जास्त भाजली जाणार नाही, हे मला कळते. मधुमेह हा आजार आहे, चैन नव्हे, हेही कळते. तरी रविवारी सुई भरताना मला त्यांच्या चहाची आठवण होते, आणि ती होऊ नये अशी माझी इच्छा नाही. आधी काढून ठेवण्याची जी रीत मी वर सांगितली, तीत त्यांची पोळीभाजी आता सगळ्यांत पहिली निघते.

डॉक्टरांची शिकवण या सगळ्याच्या उलट दिशेची. भूक नसली तरी खाल्लेच पाहिजे, असे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले. वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि माझ्या वयात स्नायू गेले तर पडायला निमित्त लागत नाही. म्हणून प्रथिने आधी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी प्रौढासाठी वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. माझ्या वजनाला ती साठ ग्रॅमच्या पुढे जातात, आणि एका अंड्यात असतात सहा! आपल्या ताटात राज्य भातापोळीचे. उसळ बिचारी कडेला बसते. माझ्या ताटात क्रांती झाली. आधी वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, मग दही, अंडे, आणि जागा उरली तर अर्धी पोळी. पाणी जेवणाच्या मधे न पिता मागेपुढे. तळलेले जवळजवळ नाहीच, कारण ते रात्रभर पोटात मुक्काम करते. पोटाने पहिल्यांदा 'बस' म्हटले की थांबायचे, मग घास हातात का असेना. तो हातातला घास खाली ठेवणे मला अजून जड जाते.

योग हा अति खाणाऱ्याला साधत नाही, हे गीतेतले वचन सगळे लक्षात ठेवतात. मुळीच न खाणाऱ्यालाही तो साधत नाही, हे त्याच श्लोकातले दुसरे अंग कोणी सांगत नाही. ते मला आता रोज पुरते. न खाणे इतके सोपे झाले आहे, की एखादे दिवशी दुपार उलटून जाते आणि आपण जेवलोच नाही हे घड्याळ सांगते. तेव्हा मी वाटी घेऊन बसते. इच्छा नाही, वास नको वाटतो, आणि समोर अंडे. या घासाला पुण्य आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण आईला सकाळी पलंगावरून उठवून न्हाणीघरापर्यंत धरून न्यावे लागते, आणि ती वाटते तितकी हलकी नाही. त्या वेळी दंडात जे लागते ते अंड्यातूनच येते.

बाहेर जेवायला गेले की निराळाच पेच. आपल्याकडे आग्रह हे दोघांनी मिळून करायचे नाटक आहे. वाढणाऱ्याने तीनदा म्हणायचे, जेवणाऱ्याने दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा पानावर धरलेला हात हळूच काढून घ्यायचा. माझे 'नको' खरे निघू लागले आणि नाटक बिघडले. एका लग्नात वाढपी जिलबीचे ताट घेऊन माझ्यापुढून तीनदा गेला, आणि यजमानीणबाईंचा चेहरा उतरला. मी एक जिलबी घेतली, तिचे एक वेढे मोडून खाल्ले आणि "सुरेख झाली आहे" म्हटले. सुरेख होतीही. चव गेलेली नाही, चवीचा तगादा गेला आहे. पहिल्या दिवाळीला सहा घरांची फराळाची ताटे आली तेव्हा ही गोष्ट मला फार उपयोगी पडली. प्रत्येक घरची अर्धी चकली मी चाखली, आणि कोणाच्या भाजणीत धने जास्त, कोणाचे मोहन कडकडीत पडले, कोणी यंदा विकत आणून घरची म्हणून पाठविली, हे मला जन्मात पहिल्यांदा नीट कळले. पूर्वी चौथ्या चकलीपर्यंत सगळी घरे सारखीच लागत.

हे किती दिवस चालायचे, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी थेट उत्तर दिले नाही. याच कुळातल्या सेमाग्लुटाइड या औषधाचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. औषध थांबविल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनातले सुमारे दोन तृतीयांश परत आले होते. म्हणजे गिरणी मोडीत निघालेली नाही. पट्टा काढून ठेवला आहे, इतकेच.

मला ते आठवड्याच्या आठवड्याला दिसतेही. सुईचा जोर सहाव्या दिवशी थोडा ओसरतो, आणि शनिवारी दिवेलागणीच्या सुमाराला पोटात कोणी तरी हलकेच दार वाजविते. फार नाही, एका भाकरीपुरते. त्या दिवशी मी पिठले करते, जोंधळ्याच्या भाकऱ्या थापते, लसणाची चटणी काढते, आणि आम्ही दोघी लवकर पाने घेतो. "आई, भूक लागली आहे," असे मी म्हणते तेव्हा ती पातेल्याकडे बघत नाही. भाकरी मोडते, दोन्ही तुकडे हातांत तोलते आणि मोठा माझ्या ताटात सरकवते. "घे ग, मला आज फारशी भूक नाही."

मी दुरडी तिच्यापुढे ओढते. तीत अजून दोन भाकऱ्या असतात. ती त्या मोजते, आणि मग जेवायला लागते.